रुग्णाचा पूरक आहार : आधी तूट मोजा, मग डबा आणा

रुग्णालयातून घरी सोडताना हातात एक कागद मिळतो. त्यावर औषधांची यादी असते, फेरतपासणीची तारीख असते आणि शेवटी एक ओळ असते, 'हाय प्रोटीन डाएट'. घरचे तो कागद घेऊन औषधांच्या दुकानात जातात आणि म्हणतात, "अशक्तपणा फार आलाय हो, एखादी चांगली पावडर द्या." दुकानदार मागच्या फळीवरून एक डबा काढून देतो. रुग्णाचं वजन किती, ते किती घटलं, मूत्रपिंडं ठीक आहेत का, मधुमेह आहे का, दिवसभरात पोटात किती अन्न जातं, यातलं काहीच विचारलं गेलेलं नसतं. डबा मात्र घरी येतो आणि पुढचे काही महिने येतच राहतो.

आजारपणातल्या पूरक आहारावर गेल्या दहा-पंधरा वर्षांत फार मोलाचं संशोधन झालं आहे. त्याचा रोख स्पष्ट आहे. नेमकं काय कमी पडतंय हे शोधून तेवढं भरून काढलं, तर अन्न औषधाइतकंच काम करतं, प्रसंगी जीवही वाचवतं. पण तूट न मोजता डोस वाढवला तर बहुतेक वेळा उपयोग होत नाही, आणि काही आजारांत चक्क अपाय होतो. घरात दीर्घ आजारी माणूस असलेल्या प्रत्येकाला या संशोधनातून हाताशी धरता येईल असं बरंच काही आहे.

सुरुवात वजनकाट्यापासून

पहिलं काम बिनखर्चाचं आहे. रुग्णाचं आजचं वजन करा आणि आजारापूर्वीचं वजन आठवून दोन्ही एका वहीत लिहा. काही प्रयत्न न करता तीन ते सहा महिन्यांत वजन पाच टक्क्यांहून जास्त घटलं असेल तर ती धोक्याची खूण आहे, दहा टक्क्यांहून जास्त घटलं असेल तर धोका मोठा आहे. साठ किलोचा माणूस सत्तावन्नच्या खाली उतरला की पहिली रेषा ओलांडली गेली. माणूस मुळात जाड असेल तर घरच्यांना वाटतं, 'बरंच झालं, जरा उतरला.' पण आजारपणात उतरतो त्यात चरबीबरोबर स्नायूही असतात. उठणं, चालणं, खोकून कफ बाहेर काढणं ही सगळी कामं स्नायूंची आहेत.

हृदय, यकृत किंवा मूत्रपिंडाच्या आजारात अंगावर सूज असते, त्यामुळे काटा फसवतो. पाणी साठून वजन वाढलेलं दिसतं आणि आतलं मांस झडत असतं. अशा वेळी दंडाचा घेर शिंप्याच्या टेपने मोजा. दर पंधरा दिवसांनी त्याच हाताचा, त्याच जागी घेर मोजला की चित्र कळतं. सैल झालेल्या बांगड्या, खुर्चीतून उठताना लागणारा हाताचा आधार, या गोष्टीही डॉक्टरांना सांगण्याजोग्या आहेत.

इथे दोन रूढ समज बाजूला ठेवायला हवेत. पहिला समज सलाइनचा. 'ताकदीचं सलाइन लावा' असा आग्रह अजूनही होतो. पाच टक्के ग्लुकोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत पंचवीस ग्रॅम ग्लुकोज असतं, म्हणजे जास्तीत जास्त शंभर कॅलरी. तेवढी ऊर्जा एका भाकरीतून सहज मिळते, आणि सलाइनमध्ये प्रथिनं अजिबात नसतात. दुसरा समज अल्ब्युमिनचा. रक्ताच्या रिपोर्टमध्ये अल्ब्युमिन हे प्रथिन कमी दिसलं की लगेच प्रोटीन पावडर सुरू होते. पण जंतुसंसर्ग किंवा शरीरात कुठेही दाह असला तरी अल्ब्युमिन उतरतं, यकृताच्या आणि मूत्रपिंडाच्या आजारातही उतरतं. केवळ त्या आकड्यावरून कुपोषण ठरवू नये, असंच आता आहारशास्त्र सांगतं.

झारखंडने जगाला शिकवलेला धडा

रुग्णांच्या पोषणावरचं अलीकडचं एक फार महत्त्वाचं संशोधन आपल्याच देशात झालं. चेन्नईच्या राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्थेने डॉ. अनुराग भार्गव, डॉ. माधवी भार्गव आणि सहकाऱ्यांबरोबर झारखंडच्या चार जिल्ह्यांत 'रेशन्स' नावाचा अभ्यास केला. २०१९ मध्ये सुरू झालेल्या या अभ्यासाचे निष्कर्ष ऑगस्ट २०२३ मध्ये 'लॅन्सेट' आणि 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ' या नियतकालिकांत आले. फुफ्फुसाच्या क्षयाचे २,८०० रुग्ण आणि त्यांच्या घरातली १० हजारांहून अधिक माणसं त्यात होती. उपचार सुरू होताना दर पाच रुग्णांपैकी चार जणांचं वजन कमी होतं.

सगळ्या रुग्णांना क्षयाच्या औषधांबरोबर सहा महिने दरमहा शिधा दिला गेला. त्यात तांदूळ, डाळ, दूध पावडर, तेल असं नेहमीचंच अन्न होतं आणि जोडीला जीवनसत्त्वांच्या गोळ्या होत्या. त्यातून रुग्णाला रोज सुमारे १,२०० कॅलरी आणि ५२ ग्रॅम प्रथिनं जास्तीची मिळत होती. पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचं वजन पाच टक्क्यांनी वाढलं, त्यांच्यात मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी आढळला.

घरच्या माणसांचा निष्कर्ष त्याहून विलक्षण आहे. काही घरांत फक्त रुग्णाला शिधा मिळाला, तर काही घरांत कुटुंबातल्या इतरांनाही रोज ७५० कॅलरी आणि २३ ग्रॅम प्रथिनं मिळतील एवढा शिधा मिळाला. ज्या घरांत सगळ्यांना मिळाला, तिथे इतरांना क्षय होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी राहिलं. खोकल्यातून हवेवाटे पसरणाऱ्या, तपासणीत जंतू सापडलेल्या फुफ्फुसाच्या क्षयाचं प्रमाण तर ४८ टक्क्यांनी कमी राहिलं. तांदूळ आणि डाळ यांनी लसीसारखं काम केलं.

महाराष्ट्रातल्या वाचकाने यातून घेण्यासारखी व्यवहाराची गोष्ट अशी : घरात क्षयरुग्ण असेल तर रुग्णाला वेगळा खुराक आणि बाकीच्यांना पोटाला चिमटा, असं करू नका. रुग्णाची नोंद क्षयरुग्णांसाठीच्या सरकारी 'निक्षय' प्रणालीत झाली आहे ना, बँक खातं जोडलं आहे ना, हे आरोग्य केंद्रात जाऊन पाहा. निक्षय पोषण योजनेत एप्रिल २०१८ पासून दरमहा ५०० रुपये मिळत होते, नोव्हेंबर २०२४ पासून ती रक्कम १,००० रुपये झाली आहे. 'निक्षय मित्र' म्हणून रुग्ण दत्तक घेणाऱ्या संस्था आणि व्यक्तींकडून शिध्याची टोपलीही मिळू शकते. तो रुग्णाचा हक्क आहे, मागायला संकोच नको.

आहारतज्ज्ञाची भेट, तीही वेळेवर

दुसरा महत्त्वाचा अभ्यास स्वित्झर्लंडमधला आहे. तिथल्या आठ रुग्णालयांत कुपोषणाचा धोका असलेल्या दोन हजारांवर रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला रुग्णालयाचं नेहमीचं जेवण दिलं. दुसऱ्या गटातल्या प्रत्येकाची गरज आहारतज्ज्ञाने काढली आणि त्याच्या आवडीनिवडी पाहून जेवण, अधलंमधलं खाणं आणि लागेल तिथे पूरक पेय असा बेत आखला. २०१९ मध्ये निष्कर्ष आले. तीस दिवसांत पहिल्या गटात दहा टक्के रुग्ण दगावले, दुसऱ्या गटात सात टक्के.

याच अभ्यासाच्या पुढच्या विश्लेषणातून आणखी दोन गोष्टी कळल्या. एक म्हणजे, रुग्णालयातून घरी गेल्यावर हा आहार चालू राहिला नाही तेव्हा सहा महिन्यांनी दोन्ही गटांत फरक उरला नाही. म्हणजे खरी कसोटी घरी आल्यावर सुरू होते. दुसरी गोष्ट, ज्यांच्या शरीरात दाह फार जास्त होता, त्यांना वाढीव आहाराचा तेवढा लाभ झाला नाही. ताप धगधगत असताना शरीर अन्न नीट वापरू शकत नाही. 'एवढं खाऊ घालतोय तरी अंगाला लागत नाही' म्हणून अनेक घरांत आई किंवा सून स्वतःला दोष देत असते. तो दोष तिचा नसतो. आधी आजार आटोक्यात यावा लागतो, भूक आणि वजन त्यामागून येतात.

संशोधन वाचताना एक सावधगिरीही बाळगायला हवी. अमेरिकेत २०१६ मध्ये ६५२ वृद्ध रुग्णांवर एका जास्त प्रथिनांच्या पूरक पेयाचा अभ्यास झाला. नव्वद दिवसांतले मृत्यू ९.७ टक्क्यांवरून ४.८ टक्क्यांवर आले. मात्र अभ्यासाचा ठरवलेला मुख्य निकष पुन्हा दाखल होणं आणि मृत्यू या दोन्हींचा मिळून होता, आणि त्यात फरक दिसला नव्हता. खर्च ते पेय बनवणाऱ्या कंपनीने केला होता. म्हणून निष्कर्ष खोटा ठरत नाही, पण एका आकड्यावर भुलून जाऊ नये. अभ्यास कुणावर झाला, कशाशी तुलना केली आणि पैसे कुणी दिले, हे तीन प्रश्न विचारायची सवय लावून घ्यावी.

जास्त दिलं तर जास्त गुण येतो का?

या प्रश्नाचं उत्तर संशोधनाने पुन्हा पुन्हा 'नाही' असं दिलं आहे, आणि काही वेळा त्याची फार मोठी किंमत मोजावी लागली आहे. फिनलंडमध्ये २९ हजारांवर धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर बीटा कॅरोटीनच्या गोळ्यांचा प्रयोग झाला. गाजर-पपईतला हा घटक फुफ्फुसाच्या कर्करोगापासून वाचवेल अशी आशा होती. १९९४ मध्ये निष्कर्ष आला तेव्हा गोळ्या घेणाऱ्यांत फुफ्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त होता. अमेरिकेतला तसाच दुसरा प्रयोग १९९६ मध्ये मुदतीआधी थांबवावा लागला. गाजर खाणं आणि त्यातला एक घटक काढून त्याचा मोठा डोस गोळीतून घेणं, यांत फार अंतर आहे.

अतिदक्षता विभागातही हेच दिसलं. अनेक अवयव निकामी होत असलेल्या रुग्णांना ग्लुटामाइन या अमिनो आम्लाचा मोठा डोस दिला, तेव्हा मृत्यू वाढले. हा निष्कर्ष २०१३ चा आहे. कृत्रिम श्वासोच्छ्वासावरच्या तेराशे रुग्णांत नेहमीइतकी आणि जवळजवळ दुप्पट प्रथिनं अशी तुलना झाली, २०२३ मध्ये ती प्रसिद्ध झाली. जास्त प्रथिनं देऊन रुग्ण लवकर घरी गेले नाहीत, आणि ज्यांच्या मूत्रपिंडाला इजा झालेली होती त्यांचं नुकसानच झाल्याची चिन्हं दिसली. 'ड' जीवनसत्त्वाचा अमेरिकेतला २५ हजारांवर लोकांचा अभ्यासही सांगतो की कमतरता नसलेल्या सरसकट सगळ्यांना गोळ्या देऊन कर्करोग किंवा हृदयविकार टळत नाही. कमतरता असेल तर ती भरून काढावी लागतेच, त्याबद्दल वाद नाही.

फार दिवस उपाशी राहिलेल्या माणसाला एकदम भरपूर खायला घालणं हा आणखी एक धोका. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस छळछावण्यांतून सुटलेली काही माणसं अन्न मिळाल्यानंतर दगावली. अन्न येताच रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम झपाट्याने पेशींत ओढलं जातं आणि हृदयाची लय बिघडते. रुग्णाने पाच दिवसांहून अधिक काळ जवळजवळ काही खाल्लं नसेल, दारूचं व्यसन असेल किंवा वजन फारच कमी असेल, तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली निम्म्याहून कमी आहारापासून सुरुवात करून हळूहळू वाढवत जातात. अशा रुग्णाला बी-१ जीवनसत्त्व आधी द्यावं लागतं. प्रेमापोटी घरी आणून ताट भरू नका.

आजार बदलला की बेत बदलतो

काविळीच्या रुग्णाला आपल्याकडे तेल, हळद, डाळ, अंडी सगळं बंद करून उसाचा रस आणि साखरफुटाण्यांवर ठेवलं जातं. रसातून साखर मिळते, प्रथिनं मिळत नाहीत, आणि रस्त्यावरच्या बर्फातून नवा संसर्ग मिळू शकतो. साध्या विषाणूजन्य काविळीत रुग्णाला पचेल आणि रुचेल असं पूर्ण जेवण चालतं. यकृत कायमचं आकसलेल्या, म्हणजे सिरोसिसच्या रुग्णाला तर प्रथिनांची गरज जास्तच असते : वजनाच्या दर किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम. पूर्वी मेंदूवर परिणाम होईल या भीतीने त्याची प्रथिनं तोडत, आता तसं करत नाहीत. या रुग्णांसाठी एक सोपा, सिद्ध झालेला उपाय आहे. त्यांचं शरीर रात्रीच्या उपासात स्वतःचे स्नायू जाळू लागतं, म्हणून झोपण्याआधी काहीतरी खायला द्यायचं. न्यूझीलंडमधल्या वर्षभराच्या अभ्यासात तेच पूरक पेय दिवसा घेणाऱ्यांपेक्षा रात्री घेणाऱ्यांच्या शरीरात प्रथिनांचा साठा जास्त वाढला. दूध-पोहे, नाचणीची खीर, दशमी आणि दूध यांतलं काहीही चालेल.

मूत्रपिंडाच्या आजारात एकच रुग्ण दोन टप्प्यांत दोन उलट सल्ले ऐकतो आणि गोंधळतो. डायलिसिस सुरू होण्यापूर्वी प्रथिनं बेताची ठेवतात, बऱ्याचदा किलोमागे ०.६ ते ०.८ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे मूत्रपिंडांवर भार कमी येतो. डायलिसिस सुरू झालं की त्या प्रक्रियेतच प्रथिनं वाहून जातात, म्हणून गरज १ ते १.२ ग्रॅमवर जाते. जुना कागद नव्या टप्प्याला वापरू नका. भेटायला येणारे हटकून आणतात ते नारळपाणी या रुग्णांना घातक ठरू शकतं, कारण त्यात पोटॅशियम भरपूर असतं. कोणतीही पावडर घेताना पोटॅशियम आणि फॉस्फरसचे आकडे डॉक्टरांना दाखवा.

कर्करोगाच्या रुग्णाला किलोमागे २५ ते ३० कॅलरी आणि १ ते १.५ ग्रॅम प्रथिनं लागतात. साखर तोडली की गाठ उपाशी मरते, हा समज फार पसरला आहे. प्रत्यक्षात त्या पथ्याने उपाशी राहतो तो रुग्ण. वजन घटलं की केमोथेरपी सोसत नाही, डोस कमी करावा लागतो, चक्रं पुढे ढकलली जातात. उपचार चालू असताना अँटिऑक्सिडंटच्या मोठ्या डोसच्या गोळ्या मनाने घेऊ नयेत. तोंड आलं असेल तर तिखट-आंबट टाळून थंड ताक, मऊ खिमट, कस्टर्ड, घोटलेली केळी असं द्यावं. अन्नाला धातूची चव लागते म्हणत असेल तर स्टीलचा चमचा बदलून पाहावा.

स्वयंपाकघरातला हिशेब

पन्नास किलोच्या एका सर्वसाधारण रुग्णाचं उदाहरण घेऊ. मूत्रपिंडं ठीक आहेत, आजारातून उठतो आहे. त्याला रोज साधारण १,५०० कॅलरी आणि ६० ग्रॅम प्रथिनं हवीत. आपल्याकडचा नेहमीचा 'हलका' आहार म्हणजे सकाळी चहा-बिस्किटं, मग पेज, दोन्ही वेळा थोडा मऊ वरणभात आणि रात्री कपभर दूध. त्याची बेरीज जेमतेम ७५० कॅलरी आणि २५ ग्रॅमच्या आत प्रथिनं. म्हणजे गरजेच्या निम्मं. रुग्ण 'खातोय' असं घरच्यांना वाटत असतं, आणि तो रोज तूट सोसत असतो.

आता ताट फारसं मोठं न करता त्यात काय घालता येईल ते पाहा. दोन अंड्यांतून १२ ग्रॅम प्रथिनं येतात. आणखी एक कप दूध आणि त्यात दोन मोठे चमचे दूध पावडर कालवली की १० ग्रॅम. वाटीभर दह्यातून ५, दोन मोठे चमचे शेंगदाण्याच्या कुटातून ५, पन्नास ग्रॅम पनीरमधून ९ ग्रॅम. वरणभातावर दोन चमचे तूप. बेरीज केली तर कॅलरी १,५०० च्या घरात जातात आणि प्रथिनं ६० च्या वर. अंडी चालत नसतील तर पंचवीस ग्रॅम कोरडे सोया चंक्स भिजवून, वाटून आमटीत घाला, तेवढीच प्रथिनं मिळतील. सातूचं पीठ, मुगाचं घट्ट कढण, डाळीचं पीठ लावलेलं थालीपीठ हे सगळं याच कामाचं आहे.

देण्याची पद्धतही महत्त्वाची. तीन मोठ्या जेवणांऐवजी दर दोन-अडीच तासांनी थोडं द्या. ज्या वेळी भूक चांगली असते, बहुतेकांची ती सकाळी असते, त्या वेळी सगळ्यात पौष्टिक पदार्थ ठेवा. जेवणाआधी पाणी आणि चहा देऊन पोट भरू नका. पक्षाघाताच्या किंवा गिळताना ठसका लागणाऱ्या रुग्णाला पातळ पदार्थ बळजबरीने पाजू नका. ते फुफ्फुसात जाऊ शकतात, तिथे आधी गिळण्याची तपासणी हवी.

डबा घ्यायचाच झाला तर

घरच्या अन्नातून गरज भागत नसेल, चावता येत नसेल, किंवा शस्त्रक्रियेची तारीख जवळ असेल, तर तयार पूरक पेय उपयोगी पडतं. वृद्ध रुग्णांसाठी युरोपातली मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की पूरक पेयातून रोज किमान ४०० कॅलरी आणि ३० ग्रॅम प्रथिनं मिळावीत आणि ते किमान महिनाभर चालावं. दिवसातून एकदा कपभर दुधात एक चमचा पावडर, याने ही गरज भागत नाही.

डब्याची मागची बाजू वाचा. प्रथिनांचा आकडा शंभर ग्रॅमला आहे की एका मापाला, ते आधी पाहा. काही डब्यांत शंभर ग्रॅममागे १५-२० ग्रॅम प्रथिनं असतात आणि बाकी साखर व माल्टोडेक्स्ट्रिन हे कर्बोदक, काहींत ७०-८० ग्रॅम. पहिला प्रकार पूर्ण आहाराला पर्याय म्हणून बनवलेला असू शकतो, दुसरा फक्त प्रथिनांचा. दोन्ही एकमेकांच्या जागी चालत नाहीत. मधुमेह असेल तर घटकांच्या यादीत माल्टोडेक्स्ट्रिन कितव्या क्रमांकावर आहे ते बघा, कारण यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेली असते. एफएसएसएआयचा चौदा आकडी परवाना क्रमांक आणि वापरण्याची अंतिम तारीख तपासा.

हे तपासणं का गरजेचं, ते २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय अभ्यासाने दाखवून दिलं. बाजारात खपणाऱ्या ३६ प्रोटीन पावडरी प्रयोगशाळेत तपासल्या, तेव्हा जवळजवळ ७० टक्के डब्यांवरची प्रथिनांची माहिती चुकीची निघाली. काहींत बुरशीचं विष सापडलं, काहींत कीटकनाशकांचे अंश. 'वनस्पतीजन्य' असं लिहिलं आहे म्हणून निर्धास्त राहता येत नाही. यकृताचा आजार असलेल्यांनी तर गुळवेल, अश्वगंधा, ग्रीन टीचा अर्क असे घटक असलेलं काहीही डॉक्टरांना न विचारता घेऊ नये.

पावडर कालवताना सांगितलेलं पाण्याचं प्रमाण पाळा. डबा जास्त दिवस पुरावा म्हणून पातळ केलं तर पोट पाण्याने भरतं. उकळून गार केलेलं पाणी वापरा. तयार पेय बाहेर चार तासांहून जास्त ठेवू नका. एकदम ग्लासभर देण्यापेक्षा दोन जेवणांच्या मधे थोडं थोडं पाजलं तर ते पोटात राहतं आणि जेवणाची भूकही मोडत नाही.

औषधांशी वैर नको

पूरक गोळ्या आणि औषधं एकमेकांच्या कामात अडथळा आणतात, हे फार कमी रुग्णांना सांगितलं जातं.

- थायरॉइडची गोळी आणि कॅल्शियम किंवा लोह यांच्यात चार तासांचं अंतर ठेवा. सिप्रोफ्लॉक्सासिन, डॉक्सिसायक्लिन ही प्रतिजैविकंही दूध, कॅल्शियम आणि लोहाबरोबर नीट शोषली जात नाहीत.
- रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफरिन घेत असाल तर 'के' जीवनसत्त्व असलेली पावडर किंवा मल्टिव्हिटॅमिन सुरू करण्याआधी आणि बंद करण्याआधी डॉक्टरांना कळवा.
- मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतल्यावर बी-१२ कमी होऊ शकतं. हातापायाला मुंग्या येत असतील तर ते तपासून घ्या.
- क्षयाच्या उपचारातल्या आयसोनियाझिडबरोबर दिलेली बी-६ ची गोळी सोडू नका, ती नसांचं रक्षण करते.
- पार्किन्सनसाठी लेव्होडोपा घेणाऱ्यांनी प्रथिनांचं मोठं जेवण आणि गोळी एकत्र घेऊ नये.
- केसांसाठीच्या गोळ्यांत असतं ते बायोटिन मोठ्या डोसमध्ये थायरॉइडच्या आणि हृदयविकाराच्या रक्ततपासणीचे आकडे चुकवू शकतं. रक्त देण्याआधी तसं सांगा.

डॉक्टरांकडे जाताना औषधांच्या पिशवीत हे सगळे डबे आणि बाटल्याही ठेवा. 'ते काय, नुसतं टॉनिक आहे' म्हणून घरी ठेवू नका.

संशोधनाची पुढची वाट

येत्या काळात दोन दिशांनी बरंच ऐकायला मिळेल. पहिली दिशा आतड्यातल्या जिवाणूंची. ढाक्यातल्या कुपोषित मुलांवर झालेल्या एका प्रयोगात हरभऱ्याचं पीठ, सोयाबीन, शेंगदाणे आणि कच्ची केळी यांचं मिश्रण तीन महिने दिलं गेलं. २०२१ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. नेहमीच्या तयार पोषक आहारापेक्षा या मिश्रणात कॅलरी कमी होत्या, तरीही मुलांची वजनवाढ चांगली झाली. आतड्यातल्या उपयुक्त जिवाणूंना काय लागतं हे शोधून ते मिश्रण बेतलेलं होतं. त्यातला एकेक जिन्नस आपल्या स्वयंपाकघरातलाच आहे.

दुसरी दिशा व्यायामाची. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरोगी वृद्धांना दहा दिवस अंथरुणात झोपवून ठेवलं. प्रथिनं शिफारशीइतकी मिळत असूनही त्यांच्या पायांमधलं जवळजवळ एक किलो मांस कमी झालं. आजारी माणसाचं यापेक्षा जास्तच होतं. म्हणून डॉक्टरांनी परवानगी दिली की रुग्णाला पलंगावरून उठवून बसवा, खुर्चीतून हात न टेकता उठायला लावा, दिवसातून चार वेळा खोलीत फेऱ्या मारू द्या. स्नायूला काम मिळालं तरच त्याला दिलेली प्रथिनं तिथे टिकतात.

पुढच्या भेटीत विचारायचे प्रश्न

वहीत वजनाची नोंद आणि रुग्णाने तीन दिवसांत खाल्लेल्या सगळ्या गोष्टींची यादी घेऊन जा. डॉक्टरांना विचारा : या वजनाला रोज किती कॅलरी आणि किती ग्रॅम प्रथिनं हवीत? मूत्रपिंड, यकृत, साखर यांमुळे काही मर्यादा आहे का? आहारतज्ज्ञाची चिठ्ठी मिळेल का? सरकारी आणि महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत आहारतज्ज्ञ असतात, पण आपणहून मागितल्याशिवाय त्यांची गाठ पडेलच असं नाही.

शेवटचा प्रश्न सगळ्यात कमी विचारला जातो : हे पूरक कधी थांबवायचं? सुरू करतानाच उद्दिष्ट ठरवून घ्या, मग ते तीन किलो वजन वाढण्याचं असो की आधाराशिवाय जिना चढण्याचं. महिन्याने वजन करा. काटा हलला नाही तर डबा बदलण्यापूर्वी कारण शोधा : दाह आहे का, जुलाब होताहेत का, औषधाने भूक मेली आहे का, की मन खचल्यामुळे जेवण जात नाही? काटा हलला आणि ताटातलं जेवण पूर्ण जाऊ लागलं की पूरक बंद करा आणि ते पैसे दूध, अंडी, डाळ आणि फळांवर खर्च करा. आजारी माणसाच्या अन्नाकडे औषधाइतक्याच काटेकोरपणे पाहायला हवं. त्यासाठी लागणारं ज्ञान आज उपलब्ध आहे, आणि त्याचा बराचसा भाग आपल्या स्वयंपाकघरात आजच वापरता येतो.